नवीन ड्रायव्हर भावासाठी: स्टिअरिंगचे तास

भावा, गाडी चालू झाली की ड्युटी सुरू, असं मोजू नकोस. मार्केट यार्डात गुळाचे रवे (ढेपा) चढताना तू उभा असतोस, ताडपत्री ओढून दोर आवळतोस, टायर ठोकून बघतोस, ते सगळं कामच. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं भरणं-उतरवणंही कामाच्या तासांत धरलं. तो कायदा 2025 मध्ये नव्या कामगार संहितेत गेला, पण त्यात मर्यादा होती दिवसाला 8 तास, आठवड्याला 48. लांब पल्ल्याला फार तर 10 आणि 54. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि आठवड्यात एक सुट्टीही त्यात होती.

आता खरी अडचण. दुपारभर कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत लोडिंगसाठी ताटकळायचं आणि संध्याकाळी मालक फोन करून म्हणणार, "सकाळी बेंगळुरूत गाडी लागली पाहिजे." तेव्हाच स्पष्ट सांग, दुसरा ड्रायव्हर द्या नाहीतर माल उशिरा पोचेल. निघाल्यावर वाटेत सांगून उपयोग नसतो. भाडं ठरतानाच बोलायचं, आणि लोडिंगला लागल्याची वेळ वहीत लिहायची.

रात्री दोन ते पाच फार वाईट वेळ. निपाणीजवळचा तवंदी घाट उतरलास आणि मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते आठवत नसेल, तर डोळे उघडे असूनही तू झोपलेला होतास. चहा, तंबाखू, काच खाली करणं, कशानंही ती झोप जात नाही. उजेड असलेल्या पंपावर गाडी घे, हँडब्रेक ओढ आणि झोप. उठल्यावर लगेच गिअर टाकू नकोस, तोंड धू, दहा-पंधरा मिनिटं फिर.

क्लिनरच्या हातात स्टिअरिंग देऊन झोपायचं मात्र अजिबात नाही, कितीही ओळखीचा पोरगा असला तरी.