कॉम्प्रेसर बदलण्याआधी मुंग्या शोधा

प्रश्न : आमच्याकडे दोन टनी, इन्व्हर्टर नसलेला स्प्लिट एसी आहे. त्याचे बाहेरचे युनिट मागच्या पडवीच्या भिंतीवर, फणसाच्या फांदीखाली आहे. पावसाळाभर एसी बंद होता. ऑक्टोबरच्या उकाड्यात लावला तेव्हा आतला पंखा फिरला, पण हवा गार होईना. बाहेरच्या युनिटमधून नुसता टकटक आवाज येत राहिला. तिथला पंखाही फिरला नाही आणि एमसीबीही (जास्त वीज वाहिली की आपोआप पडणारा स्विच) पडला नाही. मेकॅनिकने झाकण उघडले तेव्हा कॉन्टॅक्टर नावाच्या स्विचपाशी मेलेल्या लाल मुंग्यांचा ढीग निघाला. त्याने तो झटकला, तरी एसी सुरू झाला नाही, आणि आता तो कॉम्प्रेसर गेल्याचे सांगतो आहे. एवढ्याशा मुंग्यांनी कॉम्प्रेसर जाऊ शकतो का? यातली कोणती कामे घरी करता येतील?
– एक वाचक, कणकवली

उत्तर : आपण पत्रात दिलेल्या लक्षणांवरून कॉम्प्रेसर गेला असे म्हणता येत नाही, ती लक्षणे कॉन्टॅक्टरकडेच बोट दाखवतात. आपल्या एसीसारख्या रचनेत बाहेरचा पंखा आणि कॉम्प्रेसर या दोघांनाही सहसा एकाच कॉन्टॅक्टरमधून वीज मिळते. कॉम्प्रेसर खरोखर जळाला असता तर पंखा तरी फिरला असता, किंवा आत शॉर्ट झाल्यामुळे एमसीबी पडला असता. दोन्ही घडले नाही, याचा सरळ अर्थ असा की वीज त्या दोघांपर्यंत पोहोचतच नाही. ती जिथे अडली आहे तिथेच मुंग्यांचा ढीग सापडला आहे, आणि तो झटकल्यावर मागे काय राहिले हे कोणी नीट पाहिलेले दिसत नाही.

कॉन्टॅक्टर म्हणजे विजेच्या चुंबकाने ओढला जाणारा एक भक्कम स्विच. आतल्या युनिटकडून हुकूम आला की त्याची कॉइल चुंबक बनते, मधला दांडा आत ओढला जातो आणि चांदीच्या मिश्रधातूची टोके एकमेकांना टेकतात. बंद अवस्थेत या टोकांमध्ये जी थोडी फट असते, तिच्यात मुंगी शिरते. टोके जुळताना ती चिरडली जाते किंवा तिला शॉक बसतो आणि मरताना ती धोक्याची सूचना देणारी रसायने सोडते. त्या वासाने वारुळातल्या आणखी मुंग्या तिथे धावून येतात, त्याही मरतात, आणि ढीग वाढत जातो. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये सोलेनोप्सिस इन्विक्टा या परदेशातून आलेल्या लाल मुंगीने एसीच्या आणि रस्त्यावरच्या सिग्नलच्या स्विचांचा असाच नाश केला, तेव्हा शास्त्रज्ञांनी या वर्तनाचा मुद्दाम अभ्यास केला. तिच्याच जवळच्या नात्यातली सोलेनोप्सिस जेमिनाटा ही चावरी लाल मुंगी आपल्याकडेही आहे. पावसात जमिनीतल्या वारुळात पाणी शिरले की मुंग्या कोरडी, उंच जागा शोधतात, आणि चार महिने बंद असलेले युनिट त्यांना आयते सापडते.

टोकांमध्ये मुंग्यांचा चुरा बसला की तीन प्रकार संभवतात. टोके टेकतच नाहीत आणि यंत्र गप्प राहते. किंवा ती अर्धवट टेकून खडखडतात, ठिणग्या उडतात आणि चांदीचा थर जळून काळा पडतो. आपल्याकडची टकटक बहुधा हीच आहे. तिसरा प्रकार अधिक घातक आहे. ठिणग्यांनी टोके वितळून एकमेकांना चिकटतात, मग रिमोटने एसी बंद केला तरी बाहेरचे युनिट चालूच राहते आणि आतल्या युनिटमधल्या गार होणाऱ्या कॉइलवर बर्फ धरतो. असा एसी एमसीबीवरूनच ताबडतोब बंद करावा. मुंग्या कॉम्प्रेसरच्या आत कधीच जाऊ शकत नाहीत, कारण तो सर्व बाजूंनी वितळजोड केलेला बंद डबा असतो. मात्र खडखडणाऱ्या कॉन्टॅक्टरमुळे त्याला पुन्हापुन्हा अर्धवट झटके बसत राहिले, तर त्याची वाइंडिंग (मोटरमधल्या तारांचे वेटोळे) तापून कालांतराने खरोखर जळू शकते. म्हणून टकटक ऐकू येत असताना एसी पुन्हा पुन्हा लावून पाहू नये, ही माझी आपल्याला पहिली विनंती आहे.

आता घरी काय करावे याविषयी. अमेरिकेतील दुरुस्तीचे व्हिडिओ पाहून काही वाचक लाकडी काडीने कॉन्टॅक्टर दाबून एसी चालू करण्याचा प्रयत्न करतात. तिकडे बहुतेक घरांत कॉन्टॅक्टरच्या कॉइलला 24 व्होल्टचा पुरवठा असतो. आपल्याकडे ती कॉइलही सहसा 230 व्होल्टवरच चालते. बाहेरच्या युनिटच्या झाकणाखाली आपण सुरक्षितपणे हात लावावा अशी एकही तार नसते, असेच धरून चालावे. रिमोटने किंवा भिंतीवरच्या बटणाने बंद करणे पुरेसे नाही. एमसीबी खाली करावा, आणि जुन्या वायरिंगमध्ये फेज व न्यूट्रल उलटे जोडलेले असण्याची शक्यता असल्यामुळे आत वीज उरली नाही याची मीटरने खात्री करूनच पुढे जावे. वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये (मोटरला मदत करणाऱ्या, वीज साठवणाऱ्या भागात) भार शिल्लक राहतो. तो स्क्रूड्रायव्हर टेकवून उडवण्याची जी रीत अनेक मेकॅनिकांना असते ती वाईट आहे. जास्त रोधाच्या रेझिस्टरमधून तो सावकाश उतरवावा आणि मीटरने शून्य झाल्याचे पाहावे. ज्यांना हे काम नित्याचे नाही त्यांनी झाकण उघडू नये, पण मेकॅनिक काय करतो आहे ते जवळ उभे राहून जरूर पाहावे आणि पुढील गोष्टी करून घ्याव्यात.

वीज बंद असताना कॉन्टॅक्टरचा दांडा दाबून प्रत्येक टोकाच्या आरपार रोध मोजता येतो. तो जवळजवळ शून्य यायला हवा. तो जास्त आला, किंवा दर वेळी वेगळा आला, तर दोष तिथेच आहे. काळी पडलेली टोके पॉलिश पेपरने घासून यंत्र चालू करून देण्याची पद्धत आहे. मी तिच्या विरोधात आहे, कारण घासण्याने चांदीचा उरलासुरला थर जातो, खालचा धातू उघडा पडतो आणि काही दिवसांत टोके पुन्हा जळतात किंवा चिकटतात. कॉन्टॅक्टरची किंमत कॉम्प्रेसरच्या मानाने अगदी किरकोळ असते, तेव्हा तो नवाच बसवावा. फक्त नव्याच्या कॉइलचा व्होल्टेज जुन्याइतकाच आणि टोकांची अँपिअर क्षमता जुन्याएवढी किंवा अधिक असावी. त्याच वेळी कपॅसिटर मायक्रोफॅरडच्या (साठवणक्षमतेच्या) मापावर तपासून घ्यावा आणि त्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा तो बराच खाली उतरला असेल तर तोही बदलावा. यानंतरही कॉम्प्रेसर सुरू झाला नाही, तरच त्याचा विचार करायचा. तोही मोजमापाने. त्याच्या कॉमन, स्टार्ट आणि रन या तीन टर्मिनलांपैकी कॉमन-स्टार्ट आणि कॉमन-रन यांच्या रोधांची बेरीज स्टार्ट-रनच्या रोधाइतकी भरायला हवी, आणि कोणत्याही टर्मिनलचा कॉम्प्रेसरच्या धातूच्या अंगाशी संबंध लागता कामा नये. हे आकडे कागदावर लिहून मागावेत. जो मेकॅनिक ते देऊ शकत नाही, त्याच्या सांगण्यावरून कॉम्प्रेसर बदलू नये.

मुंग्या पुन्हा येऊ नयेत म्हणून बरेच जण युनिटच्या आत कीटकनाशकाचा फवारा मारतात. हे कटाक्षाने टाळावे. फवाऱ्यातला वायू आणि द्रावक बहुधा ज्वालाग्राही असतात, कॉन्टॅक्टरमध्ये ठिणगी असते, आणि उरलेला तेलकट थर टोकांवर व बोर्डवर बसून नवाच दोष निर्माण करतो. औषध युनिटमध्ये न ठेवता मुंग्यांच्या वाटेवर ठेवावे. साखरेच्या पाण्यात सुमारे एक टक्का बोरिक ॲसिड मिसळून त्याचे बोळे भिंतीच्या पायथ्याशी, मुले आणि जनावरे यांच्या हाती लागणार नाहीत असे, झाकणाला भोके पाडलेल्या डबीत ठेवावेत. प्रमाण वाढवण्याचा मोह टाळावा, कारण मुंगी वाटेतच मेली तर विष वारुळातल्या राणीपर्यंत पोहोचत नाही. फणसाची फांदी युनिटपासून हातभर तरी दूर राहील अशी छाटावी. वायर जिथून युनिटमध्ये शिरते तिथे रबरी ग्रोमेट (भोकात घट्ट बसणारी कडी) बसवावे. भिंतीतून तांब्याचे पाइप जातात ते भोक अनेकदा स्पंजचा तुकडा कोंबून सोडून दिलेले असते, ते पुट्टीने नीट बुजवावे. हवेची जाळी आणि तळातली पाणी जाण्याची छिद्रे मात्र कधीही बंद करू नयेत. पावसाळ्यात महिन्यातून एकदा एसी दहा-पंधरा मिनिटे चालवावा. यंत्राची थरथर आणि उष्णता यांमुळे तिथे वारूळ मुरत नाही.

प्रश्न : एप्रिल-मे असे दोन महिने आमचा एसी रोज चालला, काहीच तक्रार नव्हती. जूनमध्ये पहिले पाऊस पडल्यावर मात्र आतल्या युनिटमधून भिंतीवर पाणी गळू लागले. सर्व्हिसिंग झालेले आहे. दोष कशात असेल?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात एसी हवेतून फारच थोडे पाणी काढतो, त्यामुळे पाण्याचा पाइप तुंबलेला असला तरी ते लक्षात येत नाही. पावसाने हवा दमट झाली की तेच पाणी कितीतरी पट वाढते आणि आतल्या ट्रेमधून बाहेर सांडते. पाइपचे बाहेरचे तोंड पाहावे. कुंभारमाशीला अशी अरुंद, सावलीतली नळी घरट्यासाठी आवडते. ती ओल्या मातीचे कप्पे करून त्यांत अंडी आणि पिलांच्या खाण्यासाठी बेशुद्ध केलेले कोळी किंवा अळ्या भरते आणि तोंड लिंपून टाकते. वाळलेली माती आतल्या बाजूने जोराने ढकलू नये, त्याने ती पाइपच्या वळणाशी घट्ट बसते. बाहेरच्या तोंडाशी पाण्याने भिजवून मऊ करावी आणि पाणी ओढू शकणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरने बाहेर ओढून घ्यावी. ॲसिड घालू नये. नंतर तोंडाला मोठ्या छिद्रांची नायलॉन जाळी बांधावी. बारीक जाळी शेवाळाने लवकर तुंबते.

प्रश्न : तीन वर्षांच्या एसीचा गॅस दोनदा भरला, तरी तो जातोच. आतल्या कॉइलला मुंग्यांनी भोके पाडली आहेत असे मेकॅनिक म्हणतो. हे शक्य आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मुंगीच्या जबड्याने तांब्याला भोक पडत नाही. मुंग्या पाइपावरचे काळे रबरी आवरण पोखरून त्यात राहतात, तेवढ्या जागी पाइपाला घाम येऊन पाणी ठिबकते, पण गॅस जात नाही. आपल्या मेकॅनिकने बहुधा गंजाचा एक विशिष्ट प्रकार पाहिला आहे, ज्यात तांब्याच्या भिंतीत डोळ्यांना न दिसणारी, वारुळासारखी फाटे फुटलेली भुयारे तयार होतात. फॉर्मिक आणि ॲसिटिक यांसारखी सेंद्रिय आम्ले, ओलावा आणि ऑक्सिजन एकत्र आले की हा गंज सुरू होतो. ही आम्ले घरातल्याच हवेतून येतात: नवे प्लायवूड आणि त्यातला गोंद, काही रंग, व्हिनेगर, सुगंधी फवारे. तीन वर्षांपूर्वी एसीबरोबरच खोलीत नवे फर्निचर झाले असेल, तर ही शक्यता आणखी बळावते. अशी छिद्रे एक बुजवले की दुसरीकडे उघडतात, म्हणून गळती शोधताना नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने कॉइल पूर्ण तपासून घ्यावी आणि छिद्रे एकाहून अधिक निघाली तर जोडकामावर खर्च न करता कॉइलच बदलावी. वॉरंटी कार्ड मात्र आधी वाचावे. कीटक, उंदीर आणि पाल यांच्यामुळे झालेले नुकसान अनेक कार्डांत वगळलेले असते, पण कॉइलच्या गंजाचा नियम वेगळा असू शकतो. तेव्हा तक्रारीत कारण म्हणून 'मुंग्या' हा शब्द मेकॅनिकला लिहू देऊ नये आणि दाबाच्या तपासणीत जे आढळले तेवढेच लिहून घ्यावे.