मालिकेतली पुस्तकं वाचायला सुरुवात करतोयस? मग एवढं ऐक

भावा, आधी एक काम कर: पूर्ण संच विकत घेऊ नकोस. नव्या वाचकांची हीच चूक सगळ्यात जास्त होते. सात पुस्तकं कपाटात येतात आणि दुसऱ्यावरच गाडी अडते. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून आपल्या कोल्हापुरात आहे, तिथं सभासद हो आणि पहिला भाग घरी आण. आवडला तरच पुढचा.

दुसरं, मालिका कुठल्या जातीची आहे ते बघ. फास्टर फेणेची प्रत्येक गोष्ट स्वतंत्र असते, हाताला येईल ते पुस्तक उचललंस तरी चालतं. हॅरी पॉटरचं तसं नाही. तिथं कथा सलग आहे, तिसऱ्यापासून सुरुवात केलीस तर निम्मी मजा जाते. हॅरी अकरा वर्षांचा असताना भेटतो आणि सातव्या भागापर्यंत सतरा वर्षांचा होतो. त्याच्याबरोबर पुस्तकंही मोठी आणि गंभीर होत जातात. मुलं या मालिकांना चिकटतात ती त्यासाठीच, असं मला मनापासून वाटतं. आपल्याच वयाचं कुणीतरी बरोबर वाढत असतं.

आणखी थोडं:
- पूर्वकथा नंतर वाच. 'हंगर गेम्स'ची 2020 ची पूर्वकथा मूळ तीन भाग वाचल्यावरच भिडते.
- सिनेमा आधी बघू नकोस.
- इंग्रजी जड जात असेल तर बिनधास्त मराठी अनुवाद घे, त्यात कमीपणा काही नाही.

पन्नास पानांत मन रमलं नाही तर सोड आणि दुसरी मालिका धर. कुठली घेतलीस ते मात्र कळव, पुढचं तेव्हा सांगतो.