सारणीतून आलेख : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझ्या प्रबंधासाठी मी एका छापील अहवालातील सारणी वापरत आहे. तिच्यात वर्ग, लिंग आणि निकाल यांनुसार केवळ एकूण संख्या दिल्या आहेत. एकेका व्यक्तीची नोंद उपलब्ध नाही. या संख्या ओळीओळीने भरून मी ‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणक-भाषेत ‘टेबल’ ही आज्ञा दिली, तेव्हा प्रत्येक घरात १ हाच आकडा आला. हे कसे दुरुस्त करावे, आणि अशा सारणीसाठी कोणता आलेख योग्य ठरेल? — समाजशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : ‘टेबल’ ही आज्ञा ओळी मोजते, ओळीत लिहिलेली संख्या ती विचारात घेत नाही. तुमच्या फाइलमध्ये वर्ग, लिंग आणि निकाल यांची प्रत्येक जोडणी एकदाच आलेली असल्यामुळे तिला प्रत्येक घरासाठी एकच ओळ सापडते आणि ती १ लिहून मोकळी होते. अशा वेळी ‘एक्सटॅब्स’ वापरावे. सूत्रातील टिल्ड (~) चिन्हाच्या डावीकडे संख्येच्या रकान्याचे नाव आणि उजवीकडे अधिक चिन्हांनी जोडलेले गुणधर्म लिहिले, की संख्यांची बेरीज होऊन खरी काँटिन्जन्सी टेबल, म्हणजे गुणधर्मांच्या प्रत्येक जोडणीत किती जण आहेत हे दाखवणारी सारणी, हाती येते. तिची एकूण बेरीज अहवालातील बेरजेशी ताडून पाहिल्याशिवाय मात्र पुढे जाऊ नये.

आलेखाची निवड उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘आर’सोबतच मिळणाऱ्या ‘टायटॅनिक’ या सारणीत, एप्रिल १९१२ मध्ये बुडालेल्या जहाजावरील २,२०१ माणसांची विभागणी प्रवासाचा वर्ग, लिंग, मूल की प्रौढ आणि वाचले की नाही या चार गुणधर्मांनुसार केलेली आहे. कर्मचारी हा त्यातील चौथा वर्ग धरलेला आहे. वाचलेल्यांच्या नुसत्या संख्यांचा स्तंभालेख काढला, तर सर्वांत उंच स्तंभ कर्मचाऱ्यांचा (२१२) येतो आणि पहिल्या वर्गाचा (२०३) त्याच्या खाली राहतो. आकडे बरोबर आहेत, पण हा आलेख पाहणाऱ्याची दिशाभूल होणार, कारण कर्मचारी ८८५ होते आणि पहिल्या वर्गाचे प्रवासी अवघे ३२५.

म्हणून शेकडेवारी काढावी लागते, आणि बहुतेकांची गल्लत नेमकी येथे होते. ‘प्रॉप.टेबल’ या आज्ञेला १ दिल्यास प्रत्येक ओळीची बेरीज शंभर टक्के धरली जाते, २ दिल्यास प्रत्येक रकान्याची, आणि काहीच न दिल्यास संपूर्ण सारणीची. टायटॅनिकवरील ४७० स्त्रियांपैकी (मुली धरून) ३४४ वाचल्या, म्हणजे ७३.२ टक्के, वाचलेल्या ७११ जणांमध्ये स्त्रिया मात्र ४८.४ टक्केच होत्या. दोन्ही विधाने खरी आहेत, परंतु ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, आणि छेदात कोणती संख्या घ्यायची हे संगणक नव्हे, तुमचा प्रश्न ठरवतो. सामान्यतः जो गुणधर्म कारण म्हणून तपासायचा आहे त्याच्या गटांना शंभर टक्के धरावे आणि निकालाची त्यांत विभागणी दाखवावी.

असा शतमान स्तंभालेख ‘बारप्लॉट’ने काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही आज्ञा सारणीच्या प्रत्येक रकान्याचा एक उभा पट्टा करते, ओळीचा नव्हे. त्यामुळे वर्ग ओळींत असतील तर शेकडेवारी काढून झाल्यावर सारणी ‘टी’ या आज्ञेने उलटवून (ओळींचे रकाने करून) घ्यावी लागते. आता पहिल्या वर्गातील ६२.५, दुसऱ्यातील ४१.४, तिसऱ्यातील २५.२ आणि कर्मचाऱ्यांपैकी २४.० टक्के माणसे वाचली, हे सरळ दिसते. जे दिसत नाही ते असे, की चारही पट्टे सारख्याच रुंदीचे असल्यामुळे कोणत्या गटात किती माणसे होती याचा मागमूस आलेखात उरत नाही.

ही उणीव ‘मोझेकप्लॉट’ भरून काढतो. त्यात पट्ट्याची रुंदी गटाच्या आकारानुसार आणि पट्ट्यातील भागांची उंची निकालाच्या प्रमाणानुसार ठरते, त्यामुळे प्रत्येक तुकड्याचे क्षेत्रफळ त्या घरातील संख्येइतके बोलते. माझ्या मते प्रबंधात एकच आलेख देण्याची मुभा असेल, तर तो हाच असावा. वृत्तालेख आणि त्रिमितीय स्तंभ यांना या कामात स्थान नाही.

तुमच्या सारणीत तीन गुणधर्म आहेत, म्हणून आणखी थोडे पुढे जाऊ. वरील टक्केवारीनुसार तिसऱ्या वर्गाची स्थिती कर्मचाऱ्यांपेक्षा किंचित बरी वाटते. लिंगानुसार गट पाडले, की चित्र उलटते. पुरुषांमध्ये ८६२ कर्मचाऱ्यांपैकी १९२ (२२.३ टक्के) वाचले, तर तिसऱ्या वर्गातील ५१० पैकी ८८ (१७.३ टक्के), स्त्रियांमध्ये २३ कर्मचाऱ्यांपैकी २० जणी (८७ टक्के) वाचल्या, तर तिसऱ्या वर्गातील १९६ पैकी ९०, म्हणजे निम्म्याहून कमी. दोन्ही लिंगांत कर्मचारी पुढे आणि एकत्रित हिशेबात मात्र मागे, यालाच सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. कर्मचाऱ्यांत स्त्रिया जवळजवळ नव्हत्याच, आणि सर्वत्र स्त्रियांचे वाचण्याचे प्रमाण जास्त होते, एवढेच त्याचे कारण. ‘आर’ला जोडून घ्यायच्या ‘व्हीसीडी’ या पॅकेजमधील ‘डबलडेकर’ आलेखात हे एका नजरेत कळते : कर्मचारी स्त्रियांचा पट्टा जवळपास पूर्ण भरलेला, पण दोऱ्यासारखा बारीक दिसतो. त्या ८७ टक्क्यांवर किती भिस्त ठेवावी, हे तो बारीकपणाच सांगतो. तुमच्या सारणीतही लिंगाचे गट वेगळे न करता वर्ग आणि निकाल यांचा संबंध मांडू नये.

प्रश्न : ‘मोझेकप्लॉट’मध्ये ‘शेड’ हा पर्याय दिल्यावर काही तुकडे निळे, काही तांबडे आणि काही पांढरे येतात. या रंगांचा अर्थ काय? — महाविद्यालयीन प्राध्यापक

उत्तर : दोन गुणधर्मांचा परस्परांशी काहीही संबंध नसता, तर प्रत्येक घरात किती संख्या अपेक्षित होती ते काढून, प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांतील फरकाला अपेक्षित संख्येच्या वर्गमुळाने भागतात. हे उत्तर उणे २ ते २ या मर्यादेत असल्यास तुकडा पांढरा राहतो. त्याबाहेर फिका आणि ४ च्या पलीकडे गडद रंग येतो. निळा म्हणजे अपेक्षेहून जास्त, तांबडा म्हणजे कमी.

‘आर’मधील ‘हेअरआयकलर’ या सारणीत ५९२ विद्यार्थ्यांच्या केसांचे आणि डोळ्यांचे रंग आहेत. सोनेरी केसांचे १२७ आणि निळ्या डोळ्यांचे २१५ विद्यार्थी असल्याने दोन्ही गुण एकत्र असलेले सुमारे ४६ अपेक्षित होते. प्रत्यक्षात ते ९४ आहेत. फरक ४८, ४६ चे वर्गमूळ सुमारे ६.८, म्हणून उत्तर ७ च्या आसपास येते आणि तुकडा गडद निळा होतो. सोनेरी केस आणि तपकिरी डोळे यांचे अपेक्षित ४७ पैकी केवळ ७ विद्यार्थी आढळतात, तो तुकडा गडद तांबडा.

सारणीत तीन गुणधर्म असतील, तर ही आज्ञा तिन्ही एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र आहेत असे गृहीत धरते. तसे व्यवहारात क्वचितच असते, त्यामुळे आलेख रंगांनी भरून जातो आणि त्यातून फारसे काही कळत नाही. कोणते संबंध आधीच मान्य आहेत, ते ‘मार्जिन’ या पर्यायात सांगावे. मग उरलेला रंग अर्थपूर्ण ठरतो. काळ्यापांढऱ्या छपाईत दोन्ही रंग सारखेच करडे दिसतात, परंतु अपेक्षेहून कमी संख्येच्या तुकड्यांची कडा तुटक असल्यामुळे तेवढी खूण उरते.

प्रश्न : ‘असमाधानी, साधारण, समाधानी, अतिशय समाधानी’ ही उत्तरे आलेखात भलत्याच क्रमाने येतात, आणि पीडीएफमध्ये मराठी अक्षरे उमटत नाहीत. — सर्वेक्षण करणारी वाचक

उत्तर : क्रम सांगितला नाही, तर ‘आर’ शब्द वर्णानुक्रमे लावते. ‘फॅक्टर’ या आज्ञेतील ‘लेव्हल्स’ पर्यायात चारही उत्तरे हव्या त्या क्रमाने लिहावीत, आणि हे सारणी बनवण्यापूर्वी करावे. अक्षरांसाठी ‘पीडीएफ’ऐवजी ‘कैरो पीडीएफ’ ही आज्ञा वापरून संगणकावर असलेल्या एखाद्या देवनागरी फाँटचे नाव द्यावे, म्हणजे जोडाक्षरेही सहसा नीट येतात.