अंगणाला खराटा, फरशीला कुंचा

प्रश्न: घरात आणि अंगणात एकच झाडू चालेल का? शिवाय केर भरताना सुपलीपुढे धुळीची रेघ उरतेच, ती कशी जाईल?

उत्तर: एकच नको. फरशीवरची बारीक धूळ मऊ कुंचा ओढून घेतो. तोच ओल्या अंगणात फिरवलात की तुरे चिकटून गठ्ठा झालाच म्हणून समजा. पाल्यापाचोळ्याला ताठ हिरांचा खराटा हवा. हीर गळू लागले तर बुडखा जमिनीवर आपटून दोरी आवळा. रेघेचं म्हणाल तर दोष तुमचा नाही, सुपलीच्या काठाचा. घेताना सपाट फरशीवर टेकवून बघा. काठाखालून उजेड दिसला तर खुशाल परत ठेवा. रबरी पट्टीची उत्तम. आणि दांडा लांबच घ्या, माझी कंबर तरी हल्ली वाकायला राजी नसते!