जुना पीएस३ स्लिम घ्यावा की एक्सबॉक्स ३६० एस?

सोनीचा पीएस३ (प्लेस्टेशन ३) आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० हे टीव्हीला जोडून खेळायचे गेम कन्सोल. नवे असताना दोघांची किंमत सारखीच होती: २००९ चा १२० जीबीचा पीएस३ स्लिम २९९ डॉलर, २०१० चा २५० जीबीचा ३६० एस तेवढाच. ४ जीबीचा ३६० एस १९९ डॉलरला मिळायचा, पण तो स्वस्त म्हणून उचलू नका. हार्ड डिस्कशिवाय मूळ एक्सबॉक्सचे (३६० च्या आधीच्या कन्सोलचे) गेम त्यावर चालतच नाहीत आणि तिचा कप्पा मायक्रोसॉफ्टच्या खास साच्याचा, साधी डिस्क तशीच बसत नाही.

पीएस३ मध्ये साधी २.५ इंची साटा (लॅपटॉपमध्ये असते तशा जोडणीची) हार्ड डिस्क बसते, जाडी ९.५ मिमी. खालचं झाकण काढायचं, निळा स्क्रू सोडवायचा, ट्रे ओढायचा. मात्र नव्या डिस्कवर सिस्टीम सॉफ्टवेअर पुन्हा टाकावं लागतं. पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा, सॉफ्टवेअरची फाइल पीएस३ फोल्डरमधल्या अपडेट फोल्डरमध्येच. इथेच बहुतेकांचं अडतं.

ब्लू-रे (एचडी चित्रपटांच्या डिस्क) फक्त पीएस३ वर. वायफाय ३६० एसचं सरस, ८०२.११एन या जास्त वेगवान प्रकारचं. पण त्याचा पॉवर अडॅप्टर बाहेर असतो, तो सोबत मिळतोय ना ते बघा. गेमची डिस्क आत फिरत असताना ३६० हलवलात तर तिच्यावर गोल चरा पडलाच म्हणून समजा!

३६० चं ऑनलाइन स्टोअर जुलै २०२४ मध्ये बंद झालं. माझं मत पीएस३ ला.