भट्ट, वाझे आणि सरकारची परवानगी: वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात एका उत्तरात जाता जाता मी लिहिलं होतं की संजीव भट्ट यांना कोठडीतल्या मृत्यूसाठी झालेली जन्मठेप मला अन्याय वाटत नाही. एवढ्या एका वाक्यावर खूप पत्रं आली, मेसेज आले, काही चिडलेले, काही अभिनंदनाचे, आणि खरं सांगायचं तर अभिनंदनाचे वाचून मला जास्त अस्वस्थ वाटलं. म्हणून या वेळी बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवून फक्त याच विषयावरचे घेतलेत.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. ऑक्टोबर १९९० मध्ये अडवाणींची रथयात्रा बिहारमध्ये अडवली गेली, देशभर बंद आणि दंगली झाल्या, तेव्हा गुजरातच्या जामनगर जिल्ह्यात जामजोधपूरला शंभराहून जास्त लोकांना पोलिसांनी उचललं. भट्ट तेव्हा तिथे तरुण आयपीएस अधिकारी होते. उचललेल्यांपैकी प्रभुदास वैष्णानी नऊ दिवस कोठडीत होते, जामिनावर सुटले आणि साधारण दहा दिवसांनी, १८ नोव्हेंबरला, हॉस्पिटलमध्ये वारले. त्यांच्या भावाने तक्रार दिली. निकाल लागला २० जून २०१९ ला, म्हणजे जवळजवळ एकोणतीस वर्षांनी. भट्ट आणि एक कॉन्स्टेबल यांना जन्मठेप, बाकी पाच पोलिसांना दोन-दोन वर्षं. जानेवारी २०२४ मध्ये गुजरात हायकोर्टाने शिक्षा कायम केली.

प्रश्न (पुणे): भट्टनी २०११ साली सुप्रीम कोर्टात मोदींच्या विरोधात ॲफिडेव्हिट दिलं आणि त्याच वर्षी ही बंद पडलेली केस जिवंत झाली. हा सरळसरळ सूड आहे. तुमच्यासारख्या माणसाने त्याला न्याय म्हणावं याचं वाईट वाटलं.

उत्तर: तुमचा संशय मी खोटा ठरवणार नाहीये, कारण तारखाच तशा आहेत. एप्रिल २०११ मध्ये भट्टनी ॲफिडेव्हिट दिलं की २७ फेब्रुवारी २००२ च्या रात्री, म्हणजे गुजरात दंगलींच्या तोंडावर, मुख्यमंत्री मोदींच्या घरच्या मीटिंगला आपण हजर होतो आणि तिथे हिंदूंना राग काढू द्या असं सांगितलं गेलं (विशेष तपास पथकाने, म्हणजे एसआयटीने, आणि नंतर सुप्रीम कोर्टानेही ते मानलं नाही, पण तो वेगळा विषय), आणि त्याच वर्षी गुजरात सरकारने या केसमध्ये पोलिसांच्या बाजूने घातलेला जुना अर्ज मागे घेतला आणि खटल्याचा रस्ता मोकळा झाला. २०१५ मध्ये त्यांना नोकरीतून काढलं, २०१८ मध्ये वेगळ्याच जुन्या केसमध्ये अटक झाली. हे सगळं योगायोगाने घडलं असं मला कोणी सांगितलं तर मीही मानणार नाही.

पण जरा मागे जाऊन बघा. तो अर्ज मुळात घातला कोणी होता? सरकारनेच. १९९५ मध्ये सीआयडीने केस बंद करायचा रिपोर्ट दिला होता, तो मॅजिस्ट्रेटने फेटाळला आणि पोलिसांविरुद्ध खटला चालवा म्हटलं, आणि त्यावर सरकार स्वतः आपल्या अधिकाऱ्यांच्या वतीने वरच्या कोर्टात गेलं, मग पंधरा वर्षं काहीच हललं नाही. त्या पंधरा वर्षांत भट्ट यांच्या बाजूने आज बोलणाऱ्यांपैकी कोणालाच हे खटकलं नव्हतं, आणि आज त्यांच्या विरोधात बोलणाऱ्यांनाही नव्हतं. घरातला कर्ता माणूस गेलाय आणि भाऊ कोर्टाच्या तारखा मोजतोय, असं ते कुटुंब होतं, बस.

म्हणून मी दोन प्रश्न वेगळे ठेवतो. खटला २०११ नंतरच का चालला, हा एक प्रश्न, त्याचं उत्तर सरकारने द्यायचं. जामजोधपूरच्या कोठडीत काय झालं, हा दुसरा प्रश्न, त्याचं उत्तर पुराव्यावरून द्यायचं. पहिल्याचं उत्तर वाईट आहे म्हणून दुसऱ्याचं उत्तर बदलत नाही. सरकारने पाठीशी घालणं बंद केलं त्यामागे सूड असेलही, पण पंधरा वर्षं पाठीशी घातलं होतं ते कुठल्या हक्काने, हे तुम्ही विचारलंत तर मी तुमच्या बाजूला उभा राहीन.

प्रश्न (नागपूर): माणूस सुटला, घरी गेला, दहा दिवसांनी किडनी फेल होऊन वारला. हा कोठडीतला मृत्यू कसा? उद्या कोणीही म्हणेल.

उत्तर: हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय आणि तो प्रामाणिक आहे, म्हणून सविस्तर.

फिर्यादीचा आरोप असा होता की पकडलेल्यांना मारहाण तर झालीच पण उठाबशा काढायला लावल्या, कोपरांवर रांगायला लावलं, पाणी दिलं नाही. ऐकायला शाळेतली शिक्षा वाटते ना? पण शरीराचं गणित वेगळं आहे. सवय नसलेल्या माणसाकडून जबरदस्तीने शेकडो उठाबशा काढून घेतल्या किंवा मांड्या-पोटऱ्यांवर सतत मारलं तर स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि ते गाळताना किडनीच्या बारीक नळ्या बंद पडतात. त्यात पाणी मिळालं नाही तर आणखी लवकर. लघवी चहासारखी काळपट होते, मग कमी होते, मग बंद. हे सगळं एका तासात होत नाही, दिवस लागतात, आणि बाहेरून अंगावर फारसे वळही दिसत नाहीत. कोठडीत मार खाल्लेल्यांमध्ये हे होतं ही गोष्ट डॉक्टरांना चांगली माहीत आहे. त्यामुळे माणूस कोठडीच्या दाराबाहेर मेला म्हणून मृत्यू कोठडीशी संबंधित नाही असं होत नाही, कारण कुठे मेला यापेक्षा कशाने मेला हे महत्त्वाचं.

आता दुसरी बाजू पण सांगतो, कारण ती लपवणं बरोबर नाही. बचावाचं म्हणणं होतं की अटक स्थानिक पोलिसांनी केली होती, ताबा भट्ट यांच्याकडे नव्हता, आणि मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं तेव्हा प्रभुदासनी मारहाणीची तक्रार केली नाही. यातला तिसरा मुद्दा मला सगळ्यात कच्चा वाटतो. ज्या पोलिसांनी आणलंय त्यांच्याच सोबत परत जायचंय हे माहीत असताना किती जण तोंड उघडतात? मी कोर्टात बसून असे चेहरे पाहिलेत, साहेब विचारतात "काही तक्रार?" आणि तो मान हलवतो, पाच सेकंदांत संपतं.

प्रश्न (लॉ स्टुडंट, पुणे): सर, तीनशे साक्षीदारांपैकी फक्त बत्तीस तपासले असं वाचलं. हा फेअर ट्रायल आहे का?

उत्तर: सगळ्या आक्षेपांमध्ये मला हाच सगळ्यात वजनदार वाटतो. यादीत जवळजवळ तीनशे नावं होती, तपासले बत्तीस, आणि बचावाला आणखी अकरा साक्षीदार हवे होते ते जून २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने उशीर झाला म्हणून नाकारले. कायदा असं म्हणत नाही की यादीतला प्रत्येक माणूस उभा करा, सरकारी पक्ष निवडू शकतो आणि एका चांगल्या साक्षीवरही शिक्षा होऊ शकते. पण एकोणतीस वर्षं उशीर सहन केला आणि शेवटच्या काही आठवड्यांत मात्र घाई, हे खटकतं. अपील सुप्रीम कोर्टात आहे, एप्रिल २०२५ मध्ये जामीन नाकारताना कोर्टाने ते लवकर ऐकायला सांगितलंय. तिथे हा मुद्दा नीट ऐकला जावा असं मला मनापासून वाटतं, आणि माझं मत त्या निकालाआधी आहे हे लक्षात ठेवून वाचा.

आणखी एक गोष्ट तुम्ही विद्यार्थी म्हणून बघा. १९९७ च्या पोरबंदरच्या मारहाणीच्या केसमध्ये डिसेंबर २०२४ ला याच भट्ट यांची सुटका झाली, पुरावा पुरेसा नाही म्हणून. म्हणजे "सगळी कोर्टं मॅनेज" असं म्हणणाऱ्यांनी आणि "माणूसच राक्षस" असं म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही तो निकाल वाचायला हरकत नाही.

प्रश्न (ठाणे): अभिनंदन. भट्टसारख्याला आत टाकलं ते छानच. पण तुम्ही लोक ख्वाजा युनूस वगैरे काढून मुंबई पोलिसांना बदनाम करता ते बंद करा. ते अतिरेक्यांशी लढत होते.

उत्तर: अभिनंदनाने अस्वस्थ होतो म्हटलं ते याच प्रकारच्या पत्रांमुळे.

२ डिसेंबर २००२ ला घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला, माणसं मेली. त्या केसमध्ये परभणीचा सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर ख्वाजा युनूस याला पकडलं. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की औरंगाबादला नेताना पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि तो पळून गेला. त्याच्याबरोबर पकडलेल्या एकाने सांगितलं की मी त्याला कपडे काढून छातीवर-पोटावर पट्ट्याने मारताना पाहिलं, तो रक्त ओकत होता. वडील हायकोर्टात गेले, सीआयडीकडे तपास गेला, सीआयडीने चौदा पोलिसांची नावं दिली. सरकारने खटला चालवायला परवानगी दिली फक्त चौघांविरुद्ध, त्यात तेव्हाचा मुंबई पोलीस अधिकारी सचिन वाझे. मृतदेह आजवर मिळालेला नाही. आणि स्फोटाच्या केसमधले त्याच्याबरोबरचे आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले, म्हणजे ज्याला तुम्ही अतिरेकी म्हणताय त्याच्यावरचा आरोप कधी सिद्धच झाला नाही. सिद्ध झाला असता तरी कोठडीत मारायचा अधिकार पोलिसांना मिळत नव्हता, हेही सांगून ठेवतो.

पुढे काय झालं बघा. २०१२ मध्ये हायकोर्टाने त्याच्या आईला एकूण वीस लाख भरपाई द्यायला लावली. २०१८ मध्ये तोच साक्षीदार कोर्टात उभा राहिला, त्याने आणखी चार पोलिसांची नावं घेतली, सरकारी वकिलांनी त्यांनाही आरोपी करा असा अर्ज दिला, आणि दोन-तीन महिन्यांत त्या वकिलांनाच केसवरून काढलं. जून २०२० मध्ये वाझे परत पोलिसात, खटला चालू असताना. पुढच्याच वर्षी अंबानींच्या घराबाहेरच्या जिलेटीनच्या गाडीच्या प्रकरणात एनआयएने त्यांना अटक केली तेव्हा सगळा महाराष्ट्र "असा माणूस पोलिसात आलाच कसा" म्हणत होता. त्याला परत घेतलं तेव्हा ख्वाजाची म्हातारी आई कोर्टात जाऊन हेच ओरडून सांगत होती, ऐकलं किती जणांनी?

दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवा. आरोप एकाच जातीचा. गुजरातमध्ये अधिकारी सरकारच्या विरोधात गेला आणि खटला धावला. महाराष्ट्रात पक्ष बदलले, मुख्यमंत्री बदलले, आणि खटला जागच्या जागी. माझं भांडण याच्याशी आहे. पोलिसावर खटला चालणार की नाही हे पुराव्यावर न ठरता सरकारच्या मर्जीवर ठरतं, आणि आपण लोक आपापल्या आवडीचा अधिकारी निवडून त्याच्यासाठी भांडतो.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): ही सरकारी परवानगी नेमकी काय भानगड आहे?

उत्तर: जुन्या फौजदारी संहितेचं कलम १९७, आता नव्या कायद्यात २१८. सरकारी नोकराने ड्युटी करताना केलेल्या कृत्याबद्दल खटला चालवायचा तर सरकारची मंजुरी लागते. हेतू वाईट नव्हता, कोणीही उठून अधिकाऱ्यावर खोट्या केस करू नयेत म्हणून. पण कोठडीत माणसाला मारणं ही ड्युटी आहे का? यावर कोर्टांची मतं एकसारखी नाहीत, आणि त्या वादातच वर्षं जातात. नव्या कायद्यात एक चांगलं झालंय, सरकारने १२० दिवसांत निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असं धरायचं. अर्थात सरकार १२० दिवसांच्या आत "नाही" म्हणू शकतंच.

परिणाम आकड्यात बघा. एनसीआरबीप्रमाणे, म्हणजे गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेप्रमाणे, २००१ ते २०२० या वीस वर्षांत पोलीस कोठडीत १,८८८ मृत्यू झाले, ८९३ गुन्हे नोंदले, ३५८ पोलिसांवर चार्जशीट, शिक्षा २६ जणांना. लॉ कमिशनने १९८५ मध्येच सुचवलं होतं की कोठडीत इजा झाली तर ती पोलिसांनीच केली असं कोर्टाला धरता यावं, उलट सिद्ध करायची जबाबदारी पोलिसांवर. ते अजून झालेलं नाही.

प्रश्न (कोल्हापूर): माझे मिस्टर हवालदार आहेत. तुम्ही सगळे अधिकाऱ्यांबद्दल बोलता. साहेबांनी "याच्याकडून काढून घे" सांगितलं तर साध्या हवालदाराने काय करायचं? नाही म्हटलं तर बदली, हो म्हटलं तर जेल.

उत्तर: ताई, आलेल्या सगळ्या पत्रांत मला तुमचं पत्र सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तुमची भीती खरी आहे. जामजोधपूरच्या केसमध्ये भट्ट यांच्याइतकीच जन्मठेप झाली ती एका कॉन्स्टेबलला. त्यांच्यासाठी कोणी मोर्चा काढला नाही, टीव्हीवर चर्चा झाली नाही.

आणि "साहेबांनी सांगितलं" हे कोर्टात चालत नाही. २०११ मध्ये मुंबईच्याच एका बनावट एन्काउंटरच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की वरिष्ठांचा हुकूम हा बचाव होऊ शकत नाही, बेकायदा हुकूम पाळायचं बंधन कोणावरच नाही.

मिस्टरांना एवढंच सांगा. आरोपीला आणल्याची वेळ स्टेशन डायरीला खरी घालायची, कोणी सांगितलं तरी मागची-पुढची नाही. सुप्रीम कोर्टाच्या डी. के. बसू निकालापासून (अटकेचे नियम त्यात घालून दिलेत) कोठडीतल्या माणसाची दर अठ्ठेचाळीस तासांनी मेडिकल तपासणी करायची आहे, ती झाली नसेल तर लेखी आठवण करून द्यायची, लेखी. घरच्यांना अटकेची खबर दिली का ते बघायचं. खोलीत मारहाण सुरू झाली तर आत थांबायचं नाही, बाहेर येऊन आपली ड्युटी कुठे होती ते नोंदवायचं, आणि गप्प न बसता वर कळवायचं, ठाणेदारच त्यात असेल तर एसपी ऑफिसला पोस्टाने, पोचपावतीसह. बदली होईल, गडचिरोलीलाही होईल, मुलांची शाळा मोडेल, हे मला कळतंय. पण बदलीवर मॅटमध्ये (सरकारी नोकरांच्या तक्रारी ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जाता येतं, वकील मिळतो, आणि तुम्हाला तशी वेळ आली तर मासिकाच्या पत्त्यावर मला लिहा, अशा केस घेणाऱ्या वकिलांशी गाठ घालून देईन.