टेबलापाशी उभं राहून कसला व्यायाम?

जुळे सोलापुरातल्या एका आईने विचारलं आहे: मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. आठ महिन्यांपासून आठवड्यातून तीन दिवस टेबल टेनिसला जाते. शाळेत धावताना मात्र लगेच दमली. तिचे बाबा म्हणतात, टेबलापाशी उभं राहून कसला व्यायाम, ॲथलेटिक्सला घालू. खेळ बदलावा का? यात करिअर आहे का?

नमस्कार ताई,

खेळ बदलू नका. मात्र बाबांची शंका निम्मी खरी आहे.

टेबल टेनिसमधली रॅली, म्हणजे एका गुणासाठी चेंडूची होणारी ये-जा, बहुतेक वेळा काही सेकंदांतच संपते. तेवढ्यात चेंडूची फिरकी ओळखायची, दोन पावलं आडवं सरकायचं, कमरेतून वळून फटका मारायचा आणि लगेच जागेवर यायचं. यातून डोळा आणि हात यांचा मेळ, प्रतिसादाचा वेग, चपळता आणि हलताना सांभाळायचा तोल सुधारतो. सलग 600 मीटर पळण्याचा दम किंवा पाठीची, मांड्यांची ताकद मात्र लहान मुलांच्या सरावातून फारशी येत नाही. ती सोय वेगळी करावी लागते.

आधी एक दिवस क्लासमध्ये बसून घड्याळ लावा. एका टेबलावर सहा मुलं आणि खेळणारी दोनच असतील, तर तासातली 40 मिनिटं ती नुसती उभी असते. अशा वेळी थांबलेल्या मुलांना शॅडो प्रॅक्टिस (चेंडूशिवाय फटके आणि पावलांचा सराव) किंवा दोरीच्या उड्या द्यायला सरांना सांगा. मल्टिबॉलचा, म्हणजे सर एकामागून एक चेंडू देत राहतात तो सरावही नीट पाहा. सगळे चेंडू एकाच जागी येत असतील तर हात तयार होतो, पाय नाही. एक चेंडू फोरहँडला (बॅटच्या हाताच्या बाजूला), एक बॅकहँडला (दुसऱ्या बाजूला) असा आलटून पालटून हवा.

टेबलाची उंची 76 सेंमी असते. मुलीची उंची 120 सेंमीच्या आसपास असेल तर तिचं कोपर जवळपास टेबलाच्या पातळीवर येतं. मग ती खांदा उचलून नुसत्या हाताने मारते, कंबर आणि पाय कामालाच लागत नाहीत, आणि पुढे खांदा दुखतो. पायाखाली दहाएक सेंमी उंचीची भक्कम फळी हवी, पण दोन मीटर तरी लांब. आखूड फळीवर मूल सरकायलाच घाबरतं. मोठ्या माणसांची जड बॅटही देऊ नका, मनगट खाली पडतं.

क्लास नसेल त्यातले दोन दिवस घरी 20 मिनिटं पुरतात. दोरीच्या उड्या 30 सेकंद, तेवढीच विश्रांती, असं आठ वेळा. मग लंगडी, दोन्ही पायांवर सारखी, कारण या खेळात एकच बाजू जास्त राबते. शेवटी सावकाश सूर्यनमस्कार. रविवारी खो-खो किंवा सायकल. दम त्यातूनच वाढतो. एप्रिल-मेमध्ये मात्र हे सकाळी सातच्या आत उरका. चेंडू अवघा 2.7 ग्रॅमचा, पंख्याच्या वाऱ्यानेही भरकटतो, म्हणून हॉलमध्ये पंखे बंद ठेवतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात तिला दर 15-20 मिनिटांनी पाणी प्यायला लावा. मनगट किंवा कोपर दोन दिवसांहून जास्त दुखलं तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा.

फरक वहीत मोजा. भिंतीपासून दोन मीटरवरून चेंडू उजव्या हाताने टाकून डाव्याने झेलायचा, मग उलट. 30 सेकंदांत किती झेल? 10 मीटर अंतरात चार फेऱ्या, जागेवरून लांब उडी आणि 600 मीटर धाव. 12 आठवड्यांनी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा मोजा. वयानेही थोडी प्रगती होतेच, ती सगळी क्लासच्या खात्यावर मांडू नका. झेल वाढले आणि धाव तिथेच राहिली, तर रविवारचा खेळ कमी पडतोय.

करिअरचा निर्णय तेरा-चौदाव्या वर्षाआधी नको. शालेय स्पर्धा जिल्हा, पुणे विभाग, राज्य अशा चढतात. ठरलेल्या पातळीवर प्रावीण्य मिळालं, तर राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. पदवीनंतर बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक पदविका अभ्यासक्रम हेही मार्ग आहेत. या स्पर्धांना नाव शाळेकडूनच जातं. पाचवीला शाळा बदलणार असाल, तर तिथे टेबल आहे का आणि शाळा मुलींची नावं पाठवते का, हे प्रवेशाआधी विचारून घ्या.